आयरिश खंबा, सावकार अन् मधात वर्धा नदी (सल्ला पाहिजे)

अलीकडचा_काठ (धागाकर्ता)

राम राम मंडळी. मी इथं बहुतेक वाचूनच जातो, लिहायचं काम पडत नाही. पण आता एक सल्ला पाहिजे अन् गावात कोणाला विचारायची सोय नाही, विचारलं तर सल्ल्याच्या आधी माणसंच ग्लास घेऊन येतील.

माझा भाचा आयर्लंडात कॉर्कला नोकरीला आहे. चार वर्षांआधी दिवाळीला आला तेव्हा मामासाठी व्हिस्कीची एक बाटली घेऊन आला, रेडब्रेस्ट, १२ वर्षंवाली. लेबलावर लाल छातीचा बारीकसा पक्षी आहे. देताना म्हणे मामा ही अशीतशी फोडायची नाही, खास दिवस पाहून फोड. मी बी ते मनावर घेतलं अन् लोखंडी कपाटात खालच्या खणात स्वेटर-रजयांच्या मधात झोपवून ठेवून दिली. पोरीचं लग्न झालं, नाही फोडली. एका वर्षी सोयाबीनला बरा भाव लागला, तरी नाही फोडली (ते एकदाच झालं, जाऊ द्या).

आता काम पडलं. माझा एक दोस्त आहे, अकोल्याच्या कृषी विद्यापीठात होस्टेलला आम्ही एका खोलीत होतो, तेव्हापासून त्याला सावकार म्हणतात कारण महिन्याच्या पाच तारखेनंतर त्याच्या खिशात आठ आणे बी नसायचे. त्याचं गाव आर्वी तालुक्यात, माझं धामणगावकडं, म्हणजे मधात फक्त वर्धा नदी. चाळीस वर्षं झाली, आम्ही दोघं एकमेकांच्या सगळ्या मयतीला अन् लग्नाला हजर. तर आता सावकार पुण्याला चालला, कायमचा. पोराचा फ्लॅट आहे, वहिनी गेल्यापासून पोरगा मागं लागला होता. वावर मक्त्यानं दिलं, बैलजोडी विकली. संक्रांतीनंतर जाईन म्हणते.

म्हणून ठरवलं की हीच ती वेळ. आता सांगा, ही प्यायची कशी? पाणी, बर्फ, सोडा, का नीट, म्हणजे काहीच न मिसळता? सोबत खायला काय ठेवायचं? आम्ही दोघं होस्टेलात एका पव्व्यात पाच जण भागवणारे, आपल्याला ह्या गोष्टीतलं काही समजत नाही, पण बाटली वाया गेली असं नको व्हायला.

सोडावॉटर_बॉटलवाला

थंड सोडा, दोन बर्फाचे खडे, मसाला शेंगदाणे. विषय संपला.

लीनदीकाठचा

वरच्या साहेबांना कोणीतरी धरा. रेडब्रेस्टमध्ये सोडा??

काका, मी सहा वर्षं कॉर्कमध्ये आहे, तुमचा भाचा कदाचित माझ्याच पोहे ग्रुपमध्ये असेल. तुमची बाटली ज्या मिडलटन डिस्टिलरीत बनते ती इथून अर्ध्या तासावर. जुनी डिस्टिलरी आता बघायला खुली आहे, ती इमारत मुळात लोकरीची गिरणी होती, १८२५ मध्ये मर्फी नावाच्या भावांनी तिथं दारू गाळायला सुरुवात केली. तिथं तांब्याचा एक हंडा ठेवलाय, १,४३,८७२ लिटरचा, जगातला सगळ्यात मोठा पॉट स्टिल म्हणून दाखवतात. आता तो चालत नाही. तुमच्या बाटलीतला माल बाजूच्या नव्या डिस्टिलरीत होतो, ती १९७५ ला सुरू झाली.

तुमची बाटली सिंगल पॉट स्टिल प्रकारातली आहे, हा प्रकार आयरिश लोकांचा खास. यात मोड आणून वाळवलेलं बार्ली आणि मोड न आणलेलं कच्चं बार्ली असे दोन्ही एकत्र शिजवतात. कारण मोठं मजेशीर आहे, १७८५ च्या सुमारास सरकारनं मोड आणलेल्या धान्यावर कर लावला, मग ह्यांनी कर वाचवायला कच्चं बार्ली मिसळायला सुरुवात केली. करचुकवेगिरीतून चव निघाली आणि तीच पुढं ओळख झाली! नंतर तीनदा गाळतात म्हणून घशाला मऊ लागते, आणि मग काही बर्बन (अमेरिकन व्हिस्की) ठेवलेल्या आणि काही ओलोरोसो शेरी (स्पॅनिश वाइन) ठेवलेल्या लाकडी पिंपांत कमीत कमी बारा वर्षं ठेवतात. त्या शेरीच्या पिंपामुळं मनुका, अंजीर, सुक्या मेव्यासारखा वास येतो. तो वासच सोड्यानं मरतो, बर्फानं पण दबतो.

म्हणून पहिला घोट नीट, अगदी बारीक. मग साध्या पाण्याचे चार-पाच थेंब टाकून पहा, वास अजून उघडतो. फ्रीजचं पाणी नको. ग्लास वर निमुळता असेल तर उत्तम, नाहीतर काचेचा छोटा चहाचा ग्लास पण चालेल. स्टीलचा पेला मात्र नको, रंग दिसत नाही.

सोडावॉटर_बॉटलवाला

@लीनदीकाठचा, ठीक आहे भाऊ, सोडा परत घेतला. शेंगदाणे ठेवले का?

लीनदीकाठचा

शेंगदाणे चालतील. मसाला नको, भाजलेले खारे.

कोथरूडची_मावशी

एक शंका, दोस्ताला निरोप द्यायचाय तर तुम्हीच बाटली घेऊन त्यांच्या घरी का जात नाही? त्यांनी म्हातारपणी नदी ओलांडून का यायचं?

अलीकडचा_काठ

@मावशी, तिथंच तर मेख आहे. सावकाराचं गाव वर्धा जिल्ह्यात, अन् वर्धा जिल्ह्यात दारूबंदी. गांधीजी १९३६ ला सेवाग्रामला राहायला आले, त्या पुण्याईनं पुढं अख्खा जिल्हाच कोरडा केला. आमच्या अमरावती जिल्ह्यात चालते, पलीकडच्या काठावर गुन्हा. म्हणजे ही बाटली कॉर्कहून दुबई, दुबईहून मुंबई, मुंबईहून रेल्वेनं धामणगाव, असे हजारो किलोमीटर आली, तिला सगळीकडं कोणी अडवलं नाही, पण एक नदी काही ती ओलांडू शकत नाही. म्हणून माणसानं यायचं, बाटलीनं नाही जायचं.

अन् हो, कोणी विचारायच्या आधीच सांगतो, माझ्याजवळ आजीवन परवाना आहे, सावकार बी काढून घेतो म्हणते.

आर्वीची_लेक

काका, राग मानू नका पण मला हा धागा वाचून वेगळंच वाटलं. मी त्याच तालुक्यातली. बंदी आहे म्हणता, पण आमच्या गावात दारू कुठं भेटते ते शाळेतल्या पोरांना बी माहीत आहे, फक्त दीडपट पैसे लागतात. माझे वडील त्यातच गेले. गडचिरोलीत बायकांनी रस्त्यावर येऊन १९९३ ला बंदी आणली ती हौस म्हणून नव्हती आणली. चंद्रपूरची २०१५ ला लागली अन् २०२१ ला उठली बी. तुमची बाटली महागाची आहे, पक्षी-बिक्षी आहे, म्हणून त्याला दोस्ती म्हणायचं, अन् आमच्या घरी होती ती नुसती दारू?

अलीकडचा_काठ

ताई, राग नाही. तुमचं खरं आहे अन् त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. माझा लहाना काका बी असाच गेला, आमच्या घरात पंधरा वर्षं कोणी बाटली आणली नव्हती. एवढंच सांगतो की दोघांत दोन-दोन पेग, जेवण करून, अन् रात्री कोणी गाडी चालवणार नाही. तुम्हाला धागा खुपला असेल तर माफ करा.

आर्वीची_लेक

माफी कायले काका. बोलून मोकळी झाली. तुमच्या दोस्ताला सांगा पुण्यात लक्ष लागत नाही लवकर, मी तीन वर्षं काढली तिथं. रोज संध्याकाळी गावाकडं एक फोन कराचा, बाकी काही उपाय नाही.

स्टेथोवाला

एक डॉक्टर म्हणून विचारतो, तुमच्या दोस्तांना शुगर आहे का? ह्या वयात बऱ्याच जणांना असते म्हणून. ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी अजिबात घेऊ देऊ नका, रात्री झोपेत शुगर खाली जाऊ शकते. घाम, थरथर, बडबड, हे सगळं दारू चढल्यासारखंच दिसतं आणि बाजूचा माणूस म्हणतो झोपू द्या त्याला, तिथंच घोटाळा होतो. आधी नीट जेवण, मगच पेग. खिशात साखरेची पुडी ठेवा.

अलीकडचा_काठ

आहे डॉक्टर, शुगर आहे, गोळी बी तीच निघाली, आत्ताच फोन करून नाव विचारलं. बरं झालं सांगितलं. जेवण आधी. साखर कायले, गूळ ठेवतो, नाहीतरी संक्रांत आहे.

मोहफूल

मी गडचिरोलीतल्या कुरखेड्याकडचा. लीनदीकाठच्या भाऊनं पॉट स्टिल म्हणून जो हंडा सांगितला नं, तो दुसरं काही नाही, आमच्याकडच्या मोहाच्या भट्टीचा मोठा भाऊ आहे. खाली मडक्यात सडवलेलं मोहफूल, वर दुसरं भांडं, त्यावर थंड पाणी, वाफ वर गेली की गार होऊन थेंब थेंब नळीतून खाली. मार्च-एप्रिलात पहाटे फुलं वेचायची, अंगणात वाळवायची, वाळली की मनुक्यासारखी होतात अन् घरभर वास. फरक एवढाच की ते तीनदा गाळून पिंपात बारा वर्षं ठेवतात अन् आमच्याकडं बारा तास बी राहत नाही.

अबकारी_आजोबा

(मी ह्या खात्यात नव्हतो हो, आयडी नातवानं ठेवलाय.)

ह्या विषयात एक अबकारी माणूस फार मोठा होऊन गेला, इनियस कॉफी, डब्लिनचा. आयुष्यभर दारूच्या भट्ट्या तपासल्या, आणि नोकरी सोडल्यावर १८३० मध्ये स्वतःच एका नव्या यंत्राचं पेटंट घेतलं, उंच खांबासारखं, हंडा पुन्हा पुन्हा भरायची कटकट नाही, सलग गाळत राहतं, स्वस्तात भरपूर. आयरिश भट्टीवाले नाकं मुरडून म्हणाले हिला चव नाही, आम्ही हंडाच वापरणार. स्कॉटलंडवाल्यांनी तेच यंत्र उचललं आणि बाजार मारून नेला. पुढं अमेरिकेत १९२० ते ३३ दारूबंदी, इकडं आयर्लंड इंग्रजांपासून वेगळा झाला तसा साम्राज्यातला बाजारही आटला, असं होत होत शेकड्यानं असलेल्या भट्ट्या संपल्या आणि १९७५ नंतर अख्ख्या बेटावर दोनच उरल्या, दक्षिणेला मिडलटन आणि उत्तरेला बुशमिल्स. आता पुन्हा वाढल्यात.

आणि डब्लिनलाच १८७५ मध्ये एका गोदामाला आग लागली, जळती व्हिस्की रस्त्यावरून ओढ्यासारखी वाहिली. तेरा माणसं गेली, पण आगीनं एकही नाही! सगळी ती रस्त्यावरची व्हिस्की टोप्यांत, बुटांत भरून प्यायल्यानं.

लीनदीकाठचा

आजोबा जबरदस्त. अजून एक भर, इथं ग्रीन स्पॉट, यलो स्पॉट नावाच्या पण पॉट स्टिल व्हिस्क्या मिळतात. डब्लिनचे मिचेल नावाचे वाइनचे व्यापारी, ते भट्टीतून माल घेऊन आपल्या तळघरात पिंपांत ठेवायचे, आणि कोणतं पिंप किती वर्षांचं हे लक्षात राहावं म्हणून त्यावर रंगाचा ठिपका मारायचे. निळा सात वर्षं, हिरवा दहा, पिवळा बारा, लाल पंधरा. पुढं त्या ठिपक्यांचीच नावं झाली.

काका, एक विचारायचं राहिलं. बाटली कपाटात "झोपवून" ठेवली असं लिहिलंय ते खरंच आडवी ठेवलीय का? वाइन आडवी ठेवतात, व्हिस्की नेहमी उभी. हिच्यात ४० टक्के अल्कोहोल, ते सतत बुचाला लागून राहिलं तर बूच खातं. आणि तुमच्याकडचा उन्हाळा...

अलीकडचा_काठ

...

सोडावॉटर_बॉटलवाला

काका तीन टिंबं टाकून पळाले 😂

अलीकडचा_काठ

आडवीच होती. चार वर्षं. चार उन्हाळे, पंचेचाळीस-शेहेचाळीस डिग्रीचे. आत्ता जाऊन उभी केली.

लीनदीकाठचा

आता उभी करून फार फरक पडणार नाही. फोडताना झटका देऊ नका, हळू फिरवत काढा. जवळ चहाची गाळणी असू द्या. आणि दुसऱ्या एखाद्या रिकाम्या बाटलीचं बूच असेल तर धुवून, वाळवून ठेवा.

कोथरूडची_मावशी

मी पीत नाही पण मला आता त्या बुचाचं टेन्शन आलंय. झालं की लिहा हो नक्की.

अलीकडचा_काठ

मंडळी, झालं. काल रात्री. आता दुपार आहे, सावकार बसनं गेला, मी कोठ्यात (गोठ्यात) बसून टाइप करून राहिलो, मोठं होईल, सांभाळून घ्या.

घरी बसायचा विचार होता पण हरभरा फुलावर आहे अन् रानडुकरं बेजार करून राहिली, जागलीला जावंच लागते, तर म्हटलं वावरातच बसू. खोपडीपुढं पऱ्हाटीचा जाळ केला, त्याच्यातच वांगी भाजली, भरीत, ज्वारीची भाकर, तुरीच्या शेंगा मीठ टाकून उकडलेल्या, वरून सांबार (पुण्या-मुंबईकडच्यांनी डाळीचं समजू नये, कोथिंबीर). डॉक्टर, आधी जेवलो, गोळी त्याच्या वेळेवर घेतली, गुळाचा खडा उशाशी ठेवला होता.

मग बाटली. हळूच फिरवलं, अगदी भाऊनं सांगितलं तसं, अन् बूच मधातच मोडलं. वरचं डोकं माझ्या हातात, खालचं बाटलीच्या गळ्यात. सावकारानं पाहिलं अन् म्हणे, "अबे भैताडा, चार वर्षं सांभाळली अन् अशी सांभाळली?" ओढायला गेलो तर अजून भुगा. शेवटी खिळ्यानं आत लोटलं. बुचाचे तुकडे आत तरंगू लागले. चहाची गाळणी होती पण बारीक भुगा त्यातूनही जाते. तर सावकार उठला, पऱ्हाटीवर शेवटच्या वेचणीतली दोन-चार बोंडं राहिली होती, ती तोडून आणली, सरकी काढून कापूस पिंजला अन् नरसाळ्यात ठेवून त्याच्यातून गाळू म्हणे. खोपडीत एक नरसाळं होतं, मी ते उचललं तर माझ्यावर असा खेकसला की विचारू नका. ते फवारणीचं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही. म्हणे "मले पुण्याले जाचं हाये, वर नाई जाचं." मग त्या अंधारात मी गाडी काढून घरी गेलो, स्वयंपाकघरातलं नरसाळं अन् पाण्याचा स्टीलचा जग आणला, बायकोनं काय विचारलं अन् मी काय सांगितलं ते वेगळं. (गाडी चालवली तेव्हा एक थेंब घेतला नव्हता, ताई.) तर आयर्लंडची व्हिस्की आमच्या वावरातल्या कापसातून गाळून, बाटली खंगाळून परत तिच्यातच भरली. रात्रीचे दहा वाजले.

चहाच्या ग्लासात दोन बोटं ओतली. जाळाच्या उजेडात रंग तांबूस, गुळाच्या पाकासारखा. सावकारानं लगेच नाही घेतली, नाकाजवळ धरून बसला बराच वेळ. मी त्याला मनुका-अंजीर काही सांगितलं नव्हतं. म्हणे, "हे तं मोहफूल हाये बे. वाळलेलं. आमच्या आजीच्या कोठीतलं." मला भाऊ तुमची आठवण झाली, कुरखेडावाले. मग घोट घेतला अन् म्हणे, "गया नाई धरत." (गया म्हणजे गळा.) चार थेंब विहिरीचं पाणी टाकल्यावर वास खरंच मोठा झाला, हे त्याला बी पटलं, मला बी. सोडावॉटरभाऊ, शेंगदाणे होते, खारे.

किती रुपयाची विचारलं. भाचा म्हणाला होता तिकडं साठ-सत्तर युरो. सावकारानं मनात हिशेब केला, "म्हंजे एक क्विंटल कापूस. अन् गाळाले बी कापूसच." यावर जो हसायला लागला तो ठसका लागेपर्यंत.

भाच्यानं शिकवलं होतं की तिकडं ग्लास उचलून स्लॉन्चा म्हणतात, म्हणजे तब्येतीच्या नावानं. सावकारानं दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा म्हणे सालंच्या असं शिवीसारखं ऐकू येते, राहू दे, राम राम म्हणू.

बोललो काय तर फार काही नाही. होस्टेलचा मेसवाला. मोटरपंपाचा स्टार्टर. त्याची बैलजोडी कोणी घेतली, तो माणूस बैलाला मारते का. मधात एकदा डुकरं आली, दोघांनी डबे वाजवून हाकलली, हाताला ग्लास तसाच. मग बराच वेळ गप्प. मग म्हणे, "चौथ्या माळ्यावर हाये पोराचं घर. सकाळी उठून मी कुठी जाऊ बे?" मला काही सुचलं नाही. मी जाळात पऱ्हाटी टाकली.

दोन-दोन पेगच झाले. तिसरा मी ओतायला लागलो तर त्यानं हात ठेवला. बाटलीत अर्ध्याच्या वर बाकी होती. मी म्हटलं घेऊन जा पुण्याला, बॅगेत टाक. तर म्हणे, "माया गावावरून जाचं हाये मले, नदी वलांडून. गांधीबाबाले काय सांगू?" अन् हसला.

पहाटे मी उठलो तर सावकार बाजेवर नव्हता. कोठ्यात सापडला. पोळ्याला बैलाच्या शिंगाला लावायचा लाल रंग डबीत थोडा उरला होता, तो काडीनं खरवडून, त्यात रॉकेल टाकून पातळ केला अन् बाटलीवर, माल जिथपर्यंत आहे बरोब्बर तिथं, बोटानं एक टिक्का लावून ठेवला. "याच्या खाली गेली तं मले समजन," म्हणे. ठिपकेवाल्या पिंपांची गोष्ट मी त्याला सांगितली नव्हती, खरंच सांगतो.

लीनदीकाठचा

लाल स्पॉट म्हणजे पंधरा वर्षं काका. नियम आहे.

कोथरूडची_मावशी

त्यांना सांगा आमच्या सोसायटीच्या मागं टेकडी आहे, सकाळी बरेच जण असतात, निम्मे विदर्भातलेच. पत्ता व्यनि (खाजगी निरोप) करते.

मोहफूल

आजीच्या कोठीतलं... बरोबर ओळखलं बुढ्यानं.

लीनदीकाठचा

काका एक तांत्रिक सूचना, बाटली अर्धी रिकामी झाली की आतल्या हवेनं चव हळूहळू उतरते, वर्षभरात फरक जाणवतो. स्वच्छ काचेच्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरून ठेवली तर जास्त टिकेल. आणि या वेळी उभी!

अलीकडचा_काठ

उभीच आहे भाऊ, धान्याच्या कोठीमागं, अंधारात, सगळ्यात गार जागा तीच. बूच दुसऱ्या बाटलीचं बसवलं, घट्ट आहे. पण छोट्या बाटलीत नाही ओतत. ओतली तर तो टिक्का कायच्या कामाचा?

आर्वीची_लेक

काका, फोन करतात का मग ते संध्याकाळी?

अलीकडचा_काठ

हो ताई. जाऊन आज नऊ दिवस झाले. रोज साडेसातला. तब्येत वगैरे काही विचारत नाही, पहिलं वाक्य हेच, "टिक्का कुठी हाये?"